गेटच्या बाहेरचा रस्ता

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवात भाषण करायचं म्हणजे काय बोलायचं हे साधारण ठरलेलं असतं. सुरुवातीला पाण्याचा टँकर कसा यायचा, लिफ्ट कधी बसली, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून कोणाचं कोणाशी वाजलं. या सगळ्या आठवणी माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितल्या आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगितल्या. म्हणून मी आज सोसायटीच्या आतलं काही बोलणार नाही. मी गेटच्या बाहेरचं बोलणार आहे. गेटपासून स्टेशनपर्यंत, गेटपासून शाळेपर्यंत, गेटपासून भाजी मार्केटपर्यंत जो रस्ता जातो, तो माझा आजचा विषय.

गेटच्या आत आपण काय काय सांभाळतो ते आपल्याला तोंडपाठ आहे. सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, टाक्यांची सफाई, लिफ्टचा वार्षिक करार, सीसीटीव्ही. वार्षिक सभेत जिन्यातल्या बल्बच्या खर्चावर अर्धा तास चर्चा करणारी माणसं आपण! चांगलंच आहे ते. पण गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की तिथला हिशेब कोणाचा, हे कोणी विचारत नाही. आणि आपल्या घरातला प्रत्येक माणूस दिवसातून दोनदा तरी तिथूनच जातो-येतो.

मागच्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एक आजी सकाळी देवळात निघाल्या होत्या. फुटपाथवर मोटरसायकल उभी होती, म्हणून त्या खाली रस्त्यावर उतरल्या. मागून हॉर्न वाजला, घाईत वळल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात. देवळात जाणं बंद झालं. हॉर्न वाजवणारा कोण होता ते कळलं नाही. मोटरसायकल कोणाची होती तेही मी इथे सांगणार नाही. ती आपल्याच गेटच्या आतली होती, एवढंच सांगतो.

म्हणून हा विषय नगरपालिकेचा आहे तसा आपलाही आहे. आज सणाच्या दिवशी तो काढतोय, राग मानू नका.

आधी आपलं गाव किती वाढलं ते पाहू. बदलापूर या नावाबद्दल आपल्याकडे सांगतात की जुन्या काळी प्रवासातले घोडे इथे बदलत असत. खरं-खोटं इतिहासकारांनी ठरवावं. पण प्रवास या गावाच्या नशिबातच आहे. कल्याणहून पळसदरीपर्यंतची रेल्वे १८५६ मध्ये सुरू झाली आणि ती आपल्या दारावरूनच गेली. आजही इथला अर्धा संसार लोकलच्या टाइमटेबलवर चालतो. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९८ हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. दहा वर्षांत जवळजवळ पावणेदोन पट. त्यानंतरची जनगणना अजून व्हायची आहे, पण कात्रप, शिरगाव, मांजर्ली, बेलवली, खरवई या बाजूला एक चक्कर मारली की आकडा न सांगताही कळतं. शेजारचं अंबरनाथ २०११ मध्येच अडीच लाखांवर होतं. आणि उल्हासनगरात तर अवघ्या १३ चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांहून जास्त माणसं.

उल्हासनगरची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा तो लष्कराचा कॅम्प. फाळणीनंतर सिंधी बांधवांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. लष्करी कॅम्प म्हणजे आखीव जागा. त्याच्या आजूबाजूला दुकानं वाढली, दुकानांच्या पुढे पत्रे आले, पत्र्यांच्या पुढे माल आला, मालाच्या पुढे ग्राहकांच्या गाड्या आल्या. पुढे कल्याण-अंबरनाथ रस्ता रुंद करायची वेळ आली तेव्हा अनेक दुकानांवर हातोडा पडला. ज्यांची दुकानं गेली त्यांचं नुकसान खरं होतं, त्यात शंका नाही. यातून एक धडा घ्यायचा. रस्त्याची जागा एकदा गेली की परत मिळवताना फार महाग पडते. बदलापुरात अजून बरेच रस्ते व्हायचे आहेत, बरेच पुन्हा खोदून व्हायचे आहेत. आपल्याकडे अजून वेळ आहे.

आता अंतराचं गणित करू. मी बँकेत आयुष्य घालवलेला माणूस, आकड्यांशिवाय मला पुढे जाता येत नाही. स्टेशनपासून आपली बहुतेक वस्ती दोन-तीन किलोमीटरच्या आत आहे. सायकल आरामात चालवली तरी तासाला बारा किलोमीटर जाते. म्हणजे दोन किलोमीटरला दहा मिनिटं. शेअर रिक्षाच्या रांगेत आपण याहून जास्त वेळ उभे राहतो. शाळा, मार्केट, दवाखाना, बँक, सगळं या टप्प्यात आहे. अंबरनाथ आणि बदलापूर या दोन स्टेशनांमध्ये रेल्वेने आठ किलोमीटरचं अंतर आहे, तेही सायकलला फार नाही. इतकी लहान अंतरं मुंबईतल्या माणसाच्या नशिबी नाहीत. आपल्या आहेत, आणि आपण त्यासाठी गाडी काढतो.

का काढतो? आळस म्हणून नाही. भीती वाटते म्हणून. आपल्या सोसायटीतली किती मुलं एकटी सायकलने शाळेत जातात? मी गेल्या आठवड्यात वॉचमनच्या शेजारी खुर्ची टाकून सकाळी तासभर बसलो होतो. एकही नाही. शाळा किलोमीटरभर अंतरावर असलेली मुलंसुद्धा व्हॅनमधून, रिक्षातून, नाहीतर बाबांच्या स्कूटरवरून जातात. आईला विचारलं तर ती म्हणते, "काका, सायकल आहे हो त्याच्याकडे, पण रस्त्यावर सोडायची हिंमत होत नाही." मग तो सायकल फक्त आपल्या आवारात गोल गोल फिरवतो. आणि आपण त्याला ओरडतो, की गाड्यांना ओरखडे पडतात.

या आईची भीती खोटी नाही. केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ माणसं पायी चालणारी होती. रोजची सरासरी काढा, नव्वद येते. यात वेगाचा वाटा मोठा आहे. ताशी ५० च्या वेगातली गाडी एका सेकंदात साधारण १४ मीटर जाते, ३० च्या वेगातली सव्वाआठ मीटर. रस्त्यात अचानक मूल आलं आणि ड्रायव्हरला ब्रेकवर पाय ठेवायला एक सेकंद लागला, तर हा फरक एका मोटारीच्या लांबीपेक्षा जास्त होतो. आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ३० ऐवजी ५० म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे की जिथे माणसं आणि वाहनं एकाच रस्त्यावर मिसळतात तिथे वेग ताशी ३० च्या वर नको.

आपल्याकडे काय झालं? रस्ते काँक्रीटचे झाले, खड्डे कमी झाले, चांगली गोष्ट झाली. पण गुळगुळीत रस्त्यावर वेग वाढला आणि चालणाऱ्याच्या वाट्याला गटारावरची झाकणं आली. काही हलणारी, काही गायबच. झाकणावर चालायचं ठरवलं तर पुढे डीपीचा खांब, त्यापुढे जाहिरातीचा बोर्ड, त्यापुढे आपली मोटरसायकल. पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर उड्डाणपूल, नाहीतर बेलवलीचा भुयारी मार्ग, आणि जोराच्या पावसात त्यात पाणी. सायकलवाल्याने जायचं कुठून?

इथे कोणी म्हणेल, "साहेब, आता सायकल चालवतो कोण?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आकड्यात देतो. २०११ च्या जनगणनेत प्रथमच विचारलं गेलं की तुम्ही कामावर कसे जाता. शेतीबाहेरच्या कामगारांमध्ये देशात शंभरातले साधारण १३ सायकलने जात होते, २२-२३ पायी जात होते, आणि मोटारीने जाणारे तीनसुद्धा नव्हते. आपल्या गावातही पहाटे साडेपाचला उठून बघा. एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारे कामगार, दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, इस्त्रीवाला, आपला स्वतःचा वॉचमन. सगळे सायकलवर. सायकलवाला रस्त्यावर आहेच. आपण उठतो तोपर्यंत तो गेलेला असतो, म्हणून दिसत नाही.

आणि एके काळी हा सायकलवाला आपणच होतो. सरकारी कर्मचाऱ्यांना तेव्हा सायकल घ्यायला बिनव्याजी अ‍ॅडव्हान्स मिळायचा आणि पगारातून हप्त्याने कापला जायचा. केंद्र सरकारने सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ मध्ये तो बंद केला. आजच्या मुलांना हे सांगितलं तर ती हसतात. आम्ही बँकेत स्कूटरची कर्जं दिली, मग मोटारींची दिली. लोकांची परिस्थिती सुधारली याचा आनंदच होता. पण प्रत्येक मंजूर गाडीला रस्त्यावर आणि दारात जागा लागणार होती. अर्जात पगार विचारला जायचा, जामीनदार विचारला जायचा. गाडी कुठे उभी करणार, हा रकाना अर्जात नव्हता.

एक मोटार उभी राहायला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा खाते. तेवढ्यात आठ-दहा सायकली सहज मावतात. एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता सायकलमार्ग म्हणजे काय ते पाहू, कारण त्याबद्दल गैरसमज फार. डांबरावर हिरवा पट्टा मारला आणि सायकलचं चित्र काढलं की झाला सायकलमार्ग, असं नाही. भारतीय रस्ते काँग्रेस म्हणून संस्था आहे, ती रस्त्यांची मानकं ठरवते. तिच्या मानकाप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. मोकळी म्हणजे खांब, झाड, स्टॉल सोडून. दोन व्हीलचेअर एकमेकांना ओलांडून जातील एवढी. फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे आजीला चढता येईल. आणि सायकलमार्गाला रुंदी दोन मीटर.

हे आपल्या १८ मीटरच्या डीपी रोडला लावून बघू. दोन्ही बाजूंचे फुटपाथ मिळून ३.६ मीटर. दोन्ही बाजूंचे सायकलमार्ग मिळून चार मीटर. झाले ७.६. उरले १०.४. त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांसाठी सात मीटर ठेवले तरी ३.४ मीटर शिल्लक. त्यात झाडं, विजेचे खांब, रिक्षा स्टँड, एका बाजूला पार्किंग. म्हणजे बेरीज जुळते. ती बिघडते कुठे? दोन्ही बाजूंना पार्किंग हवं म्हटलं की बिघडते.

प्रत्येक गल्लीत सायकलमार्ग हवा असंही माझं म्हणणं नाही. नऊ मीटरच्या गल्लीत तो बसणारच नाही आणि तिथे गरजही नाही. तिथे वेग कमी केला की पुरे. नीट आखलेला स्पीडब्रेकर, शाळेसमोर उंचावलेलं क्रॉसिंग, वळणावर गाडीला आपोआप हळू व्हायला लावणारा कोपरा. मोठ्या रस्त्यावर सायकल वेगळी, लहान रस्त्यावर गाडी हळू. सगळं शास्त्र एवढंच आहे.

दुसऱ्यांनी काय केलं ते पाहिलं तर आपल्या चुका वाचतील. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने २०११ मध्ये सायकल ट्रॅक केला. चकचकीत रस्ते, मोठी ऑफिसं, हेतूही चांगला. पण थोड्याच काळात ट्रॅकवर मोटारी उभ्या राहू लागल्या आणि सायकलवाले काही आले नाहीत. मला त्याचं कारण साधं वाटतं. ऑफिसाभोवती ट्रॅक होता, पण घरापासून किंवा स्टेशनपासून तिथवर सायकलने सुखरूप येण्याची सोय नव्हती. अधला-मधला पूल बांधून नदी ओलांडता येत नाही.

पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत. तिथेही बरेच ट्रॅक झाले आणि त्यांतले कित्येक तुकड्या-तुकड्यांत राहिले, मध्येच झाड, मध्येच खांब. पण त्याच पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ ऐसपैस केले, बसायला बाकं ठेवली, मुलांना खेळायला जागा केली, तर आज संध्याकाळी तिथे आजी-आजोबा आणि नातवंडं दिसतात. गेलात कधी पुण्याला तर मुद्दाम बघून या. दुकानदारांना धंदा बुडेल अशी भीती सगळीकडेच असते. पण रेंगाळणारा माणूस खरेदी करतो. भरधाव जाणारा करत नाही, हे आपल्या मार्केटमधला भाजीवालाही सांगेल.

आपल्यासारखी रेल्वेवर जगणारी उपनगरं बघायची तर जपानकडे बघावं. टोकियोच्या उपनगरांत १९७० च्या सुमाराला लोक घरून स्टेशनपर्यंत सायकलने येत आणि ती वाटेल तिथे टाकून गाडी पकडत. स्टेशनबाहेर सायकलींचे ढीग. तिथल्या सरकारने १९८० मध्ये त्यासाठी कायदा केला आणि स्टेशनजवळ सायकलतळ उभे राहिले. टोकियोतल्या कासाई स्टेशनपाशी तर नऊ हजारांहून जास्त सायकली मावतील असा तळ आहे. आता आपलं स्टेशन डोळ्यांसमोर आणा. सकाळच्या लोकलला जाणारा माणूस सायकल कुठे लावणार, आणि संध्याकाळी ती जागेवर सापडेल का? याचं उत्तर मिळेपर्यंत तो रिक्षाच्याच रांगेत उभा राहणार. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम हाती आहे, मध्ये चिखलोली स्टेशनही व्हायचं आहे. नवं स्टेशन होतानाच सायकलतळाची जागा मागून घेतली पाहिजे. नंतर मागितली तर सांगतील, जागा नाही.

नेदरलँड्सचं नाव सगळे घेतात. लोकांना वाटतं डच माणूस जन्मतःच सायकलवर बसतो. तसं नाही. तिथेही मोटारी वाढल्या, रस्ते मोटारींना दिले गेले. १९७१ मध्ये त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं होती. मग आईवडील रस्त्यावर उतरले. "मुलांच्या हत्या थांबवा" हेच त्यांच्या चळवळीचं नाव होतं. त्यानंतर दोनच वर्षांत तेलाचा तुटवडा आला आणि सरकारलाही जाग आली. आज आपण बघतो ते रस्ते त्यातून झाले. सुरुवात आईवडिलांनी केली, इंजिनियर नंतर आले.

आणि सायकल माणसाला काय देते, ते बिहारने दाखवलं. २००६ मध्ये तिथे नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली. अभ्यासकांनी नंतर मोजलं, तर मुलींची माध्यमिक शाळेतली पटसंख्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेली दिसली. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली दिल्या जातात. गावातली मुलगी सायकलवरून चार-पाच किलोमीटर शाळा गाठते, आणि आपली मुलगी किलोमीटरभराच्या शाळेला व्हॅनने जाते. कारण आपण तिच्यासाठी रस्ता ठेवलेला नाही.

आता आक्षेप. मला माहीत आहेत, कारण गेला महिनाभर मी ते सोसायटीच्या बाकावर बसून ऐकतोय.

"पावसाळ्यात काय?" बदलापूरचा पाऊस मी सांगायला नको. २६ जुलै २००५ आपण विसरलेलो नाही, आणि २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली तीही आपल्याच परिसरात. असल्या पावसात मोटारही चालत नाही. पण बारापैकी आठ महिने कोरडे असतात. आणि फुटपाथ तर पावसातच जास्त लागतो.

"ट्रॅफिक वाढेल." दोन किलोमीटरसाठी बाहेर पडलेल्या स्कूटरी आणि रिक्षा जरी थोड्या कमी झाल्या, तरी ज्यांना गाडी काढणं भागच आहे त्यांना रस्ता मोकळा मिळेल. आजारी माणसाला घेऊन जाणाऱ्याला सायकलवर बसा, असं कोणी सांगत नाहीये.

"फेरीवाल्यांना आधी हटवा." फेरीवाल्यांकडूनच आपण भाजी घेतो. त्यांच्यासाठी २०१४ चा कायदा आहे, त्यांना ठरलेली जागा द्यायची आहे. जागा ठरली की त्यांनाही बरं, आपल्यालाही बरं. फक्त फेरीवाल्याकडे बोट दाखवताना आपली उरलेली बोटं आपल्याच गाडीकडे वळलेली असतात.

"नगरपालिका ऐकत नाही." एकट्या माणसाचं ऐकायला वेळ लागतो, हे मान्य. पण आपण नोंदणीकृत संस्था आहोत. सोसायटीच्या लेटरहेडवरचा ठराव आणि घरोघरच्या सह्या यांना वजन असतं. आता कायदाही आपल्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं की सुरक्षित फुटपाथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, फुटपाथ अपंगांनाही वापरता आले पाहिजेत आणि त्यांवरची अतिक्रमणं हटवली पाहिजेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. रस्ता मानकांप्रमाणे न बांधल्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा कोणी जायबंदी झालं, तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणजे आपण भीक मागत नाही, हक्काचं मागतोय.

मंडळी, आता मुद्द्यावर येतो. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने मी कार्यकारिणीपुढे आणि आपणा सर्वांपुढे चार गोष्टी ठेवतो. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत त्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात, ही विनंती.

पहिली गोष्ट सर्वांत अवघड, म्हणून आधी सांगतो. आपल्या कंपाउंडच्या भिंतीबाहेर, फुटपाथवर आणि त्याला लागून, आपल्या सभासदांच्या आणि पाहुण्यांच्या गाड्या उभ्या असतात. त्या तिथून काढायच्या. आत जागा कमी आहे, मला माहीत आहे. मग दुसऱ्या गाडीला जादा शुल्क लावायचं का, पाळीपाळीने जागा द्यायची का, हे सभेने ठरवावं. भांडण होईल. वॉटरप्रूफिंगवरून झालं होतं तसंच होईल आणि तसंच मिटेल. पण आपला फुटपाथ आपणच अडवून ठेवला, तर नगरपालिकेच्या दारात कोणत्या तोंडाने जाणार?

दुसरी गोष्ट. आवारात मोटारीच्या दोन जागा सायकलींसाठी ठेवायच्या. वर शेड, खाली साखळी लावायला लोखंडी कडी, आणि हवा भरायचा एक पंप. मघाशी सांगितलेलं गणित आठवा, वीसेक सायकली मावतील. वॉचमन, घरकामाला येणाऱ्या ताई, सगळ्यांच्या सायकली तिथे. आज त्या जिन्याखाली टेकवलेल्या असतात.

तिसरी गोष्ट. रस्त्यावरच्या आजूबाजूच्या सोसायट्यांना बरोबर घेऊन नगरपालिकेकडे एकच मागणी करायची. सगळ्या गावाचा आराखडा मागायचा नाही, तो कपाटात जातो. आपल्या गेटपासून शाळेवरून स्टेशनपर्यंतचा एकच सलग रस्ता मागायचा. त्यावर अखंड फुटपाथ, जागा आहे तिथे सायकलमार्ग, शाळेसमोर उंच क्रॉसिंग आणि ३० ची वेगमर्यादा, आणि शेवटी स्टेशनला पहाऱ्यातला सायकलतळ. सलग, हा शब्द अर्जात अधोरेखित करा. हे पत्र अर्थसंकल्पाच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत गेलं पाहिजे. मार्च उलटला की वर्ष गेलं. पुढच्या वेळी रस्ता खोदायला निघाला की त्याचा नकाशा माहितीच्या अधिकारात मागायचा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रस्ता बांधतानाच फुटपाथ झाला तर खर्च त्यात सामावतो. नंतर करायचा म्हटलं तर पुन्हा खोदकाम आलं.

चौथी गोष्ट मुलांसाठी. दर शनिवारी सकाळी, शाळेच्या वेळेला, सोसायटीतली मुलं एकत्र चालत किंवा सायकलने शाळेत जातील. बरोबर दोन-तीन मोठी माणसं. आम्ही निवृत्त मंडळी आहोतच, आम्हाला सकाळी उठायला कारण हवं असतं. दहा-पंधरा मुलांचा घोळका रस्त्याने निघाला की गाड्या आपोआप हळू होतात. आणि कुठे झाकण तुटलंय, कुठे खांब आडवा येतो, हे मुलंच लिहून आणतील. त्या यादीचाच अर्ज करू. मुलांच्या अक्षरातला अर्ज साहेबसुद्धा दोनदा वाचतो.

यातलं काही फार मोठं नाही. मेट्रो १४ कांजूरमार्गहून बदलापूरला यायची म्हणतात, बडोदा-मुंबई महामार्ग जवळून जातोय. मोठमोठी कामं येतील आणि यायला हवीत. पण मेट्रोतून उतरलेला माणूसही शेवटी पायीच घरी येणार आहे, आणि तो आपल्याच गेटसमोरून येणार आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण कर्ज काढून इथे घरं घेतली, कारण मुंबईत परवडत नव्हती आणि मुलांना मोकळी हवा हवी होती. ती मुलं मोठी झाली, काही परदेशी गेली, काही इथेच संसाराला लागली. आता त्यांची मुलं पुढे सतरंजीवर बसली आहेत आणि माझं भाषण कधी संपतं याची वाट बघताहेत. सुवर्णमहोत्सवाला मी असेन असं नाही, पण तुम्ही असाल रे. तोपर्यंत तुम्हाला आईचा हात सोडून शाळेत जाता यावं आणि शेजारच्या आजींना देवळात जाता यावं, एवढी सोय मोठ्यांनी करून ठेवावी, एवढंच माझं मागणं आहे.

सभेची तारीख सेक्रेटरी कळवतीलच. कोरम झाला पाहिजे, एवढं बघा.